शब्दचर्चा : ‘गार्डन वेस्ट’ आणि त्याचे पैसे – कर, पट्टी, शुल्क की वर्गणी?

इंग्लंडहून :
इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात दोन शब्दांवर अडले आहे. घरातला रोजचा कचरा कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) वेगळे पैसे न घेता नेते. बागेतल्या कचऱ्याचे मात्र बऱ्याच कौन्सिल वेगळे पैसे घेतात, वर्षाला साधारण 40 ते 70 पौंड. पैसे भरले की बहुतेक ठिकाणी चाकांच्या डब्यावर लावायला स्टिकर येतं आणि दर पंधरवड्याला गाडी येते. पहिल्या खर्ड्यात मी ‘बागकचरा कर’ असं लिहिलं. ते वाचून आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी लगेच पैसे भरून टाकले. त्यांच्या घरामागे सगळी फरशी आहे, आणि एका कुंडीत तुळस. “कर म्हटल्यावर भरायलाच हवा ना,” म्हणाले. माझ्या एका शब्दापायी त्यांचे पैसे गेले, हे मनाला फार लागलंय.

पुण्याहून :
‘कर’ नकोच. कर भरला म्हणून त्याच्या बदल्यात अमुकच सेवा मिळेल असं नसतं. ठरावीक सेवेचे पैसे म्हणजे शुल्क. ‘पट्टी’ही नको. घरपट्टी, पाणीपट्टी थकली की नोटीस येते, तो धाक त्या शब्दालाच चिकटलेला आहे. पण ‘शुल्क’ म्हटल्यावर ते ऐच्छिक आहे हे कळेल का? आमच्याकडे घनकचरा नियमांनुसार कचऱ्याचं ‘वापरकर्ता शुल्क’ असतं. ते द्यायचं की नाही, हे घरमालकाच्या मर्जीवर नसतं.

इंग्लंडहून :
तीच तर अडचण आहे. इथल्या 1990च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार घरचा कचरा विनाशुल्क उचलायचा, पण काही प्रकारांसाठी पैसे घेण्याची मुभा आहे. 2012च्या नियमांत त्या प्रकारांची यादी आहे आणि तीत बागेतला कचरा येतो. म्हणजे ज्याला डबा हवा त्याने पैसे भरायचे. नको असेल त्याने मागच्या अंगणात खत करावं, नाहीतर गाडीत घालून कौन्सिलच्या कचरा केंद्रावर नेऊन टाकावं.

रत्नागिरीहून :
मला अडखळायला होतं ते ‘कचरा’ या शब्दाशी. आमच्याकडे आंब्याखाली पडतो तो पातेरा. त्याला कुणी कचरा म्हणत नाही. तो गोळा करून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला वापरतात. झाडाची तोडलेली पानं-फांद्या म्हणजे कवळ. पाला हिरवा आणि पाचोळा वाळलेला, म्हणून ‘पालापाचोळा’ या जोडशब्दात दोन्ही येतात. पण त्यात गवत येत नाही, जाड फांद्या तर नाहीतच. तुमच्या डब्यात काय असतं?

इंग्लंडहून :
एप्रिल ते सप्टेंबर मुख्यतः कापलेलं गवत. ओलं, दाबून भरलेलं. दोन दिवस राहिलं की आतून गरम होतं, झाकण उघडलं की वाफ येते. शिवाय कुंपणाची छाटणी, तण, वाळकी फुलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाचोळा.

पुण्याहून :
मग ‘ओला कचरा’ का नाही? सगळ्यांच्या तोंडी आहे.

इंग्लंडहून :
त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मराठी माणूस ‘ओला कचरा’ वाचून त्यात भाजीची देठं आणि उरलेला भात टाकणार. कापलेल्या गवताचं बहुतेक ठिकाणी उघड्यावर लांब ढीग करून खत करतात. अन्न त्या ढिगांत चालत नाही, ते बंद टाक्यांत कुजवून त्याचा गॅस करतात. 31 मार्च 2026पासून इंग्लंडमध्ये घरचं अन्न दर आठवड्याला वेगळं उचलण्याचा नियम आहे, आणि त्याला पैसे नाहीत. ‘बागेतला कचरा’ म्हटलं तरी घोळ होतो. बागेतच आहे म्हणून लोक माती, दगड, फुटकी कुंडी टाकतात. यातलं काहीच चालत नाही.

रत्नागिरीहून :
तर मग जे आहे तेच नाव द्या : ‘गवत-पालापाचोळा’. त्यात फुटकी कुंडी कुणी टाकणार नाही. फांद्यांचं खाली एका ओळीत लिहा.

पुण्याहून :
आणि पैशांसाठी ‘वार्षिक वर्गणी’. मासिकाची भरतो तशी. हवी तर भरायची, नाही भरली तर अंक येत नाही, एवढंच.

ठाण्याहून :
वर्गणी म्हटल्यावर गणपतीच आठवतो. कौन्सिलला वर्गणी हे कानाला विचित्र लागतं.

इंग्लंडहून :
लागू दे. मला नेमका तोच अर्थ हवा आहे, की नाही म्हणता येतं. ‘शुल्क’ जास्त शुद्ध आहे हे मान्य, पण आजोबांना ते पुन्हा सरकारी वाटेल. आता असं लिहिलंय :

“गवत-पालापाचोळा नेण्यासाठी वार्षिक वर्गणी (ऐच्छिक). बारीक फांद्या चालतील. अन्न, माती, दगड, कुंड्या नकोत.”

काल संध्याकाळी आजोबांना वाचायला दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “मग पुढच्या वर्षी मी नाही भरली तर चालेल?”