वीस मिलिग्रॅम निवोलुमॅब: तोंडाच्या कॅन्सरला नागपुरात सर्रास द्यावा का?

केमोवॉर्ड_सीताबर्डी

तोंडाचा कॅन्सर उलटलेला, ऑपरेशन होण्यासारखं नाही, रेडिएशन आधीच झालेलं. असे पेशंट नागपुरात सतत येतात: गोंदिया, भंडारा, गडचिरोली, पलीकडून बालाघाट, छिंदवाडा. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) गाल आतून चामड्यासारखा कडक झालेला, तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या निवोलुमॅबसारख्या औषधाचा, पूर्ण डोस यातल्या अगदी मोजक्यांना परवडतो.

माझं मत असं की बाकीच्यांना तीन गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक (थोड्या डोसने सतत चालणाऱ्या) केमोसोबत दर तीन आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब द्यायलाच हवं. तेही तडजोड म्हणून गुपचूप नको, लेखी प्रोटोकॉल करून उघडपणे द्यावं.

आधार टाटा मेमोरियलच्या चाचणीचा, जी ऑक्टोबर 2022 मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आली. 151 पेशंट, दोन गट. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट दर चौरस मीटरला 9 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब 150 मिलिग्रॅम रोज. फरक फक्त निवोलुमॅबचा. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात जिवंत होते 16.3 टक्के, तर निवोलुमॅब मिळालेल्या गटात 43.4 टक्के. मध्यक आयुर्मान 6.7 महिन्यांवरून 10.1 वर गेलं. गंभीर दुष्परिणाम 50 टक्के विरुद्ध 46.1 टक्के, म्हणजे औषध वाढवून त्रास वाढला नाही.

वीसचा आकडा हवेतून आलेला नाही. 2010 च्या पहिल्या टप्प्याच्या अभ्यासात टी-पेशींवरचे पीडी-1 रिसेप्टर (निवोलुमॅब जिथे जाऊन चिकटतं त्या जागा) किती झाकले जातात ते मोजलं होतं. किलोला 0.3 मिलिग्रॅम दिलं काय आणि 10 दिलं काय, झाकलेले रिसेप्टर सरासरी 72 टक्क्यांच्या आसपासच राहिले, तेही दोन महिने. साठ किलोच्या माणसाला 0.3 ने 18 मिलिग्रॅम होतात.

आकडे_धरमपेठ

तळमळ समजते, पण "द्यायलाच हवं" हे त्या चाचणीतून निघत नाही.

ती चाचणी एकच प्रश्न विचारते: गोळ्या अधिक थोडं निवोलुमॅब, की नुसत्या गोळ्या? पूर्ण डोसचा गट तिच्यात नव्हताच. त्यामुळे "वीस हे 240 इतकंच चालतं" (240 मिलिग्रॅम हा पूर्ण डोस) असं जे आता ओपीडीत सांगितलं जातं, त्याला या चाचणीचा आधार नाही. केंद्र एक, पेशंट 151. हॅझार्ड रेशो (नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत निवोलुमॅबच्या गटातला मृत्यूचा वेग) 0.545, त्याचा विश्वास-पल्ला 0.362 ते 0.820. म्हणजे खरा फायदा फार मोठाही असू शकतो आणि बेताचाही.

शिवाय 10.1 महिने या आकड्याकडे नीट पाहा. 2008 मध्ये एक्स्ट्रीम चाचणीत प्लॅटिनम (सिस्प्लॅटिनसारखं केमो), फ्लुरोयुरॅसिल आणि सेटुक्सिमॅबने नेमके 10.1 महिनेच मिळाले होते. 2019 च्या कीनोट-048 चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब (निवोलुमॅबच्याच जातीचं औषध) अधिक केमोने 13.0. तुमचा तुलनेचा गटच कमजोर असेल तर फरक मोठा दिसणारच.

रिसेप्टर झाकण्याचा मुद्दाही अर्धवट आहे. ते मोजमाप रक्तातल्या पेशींवर झालं. खर्ऱ्याने तंतुमय झालेल्या गालातल्या गाठीत औषध तितकंच पोचतं, हे त्यावरून कळत नाही.

केमोवॉर्ड_सीताबर्डी

तुलनेचा गट कमजोर म्हणता, तर 2016 ची चेकमेट-141 बघा. पूर्ण डोसच्या निवोलुमॅबला याच आजारात ज्या चाचणीवर मान्यता मिळाली ती हीच. तिथे डॉक्टरांच्या पसंतीची मेथोट्रेक्सेट, डोसिटॅक्सेल किंवा सेटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी वर्षभराने जिवंत होते 16.6 टक्के. टाटाच्या नुसत्या गोळ्यांच्या गटात 16.3. निवोलुमॅबचा गट तिथे 36.0 टक्के.

आणि सहा आठवड्यांचा हिशोब करा. 240 मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी म्हणजे 720. आपलं 40. अठरावा हिस्सा. ज्याला 720 घेता येत नाही, त्याच्यासमोर 40 की 720 असा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न 40 की शून्य एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर या चाचणीने दिलेलं आहे.

आकडे_धरमपेठ

चेकमेट-141 मधले पेशंट प्लॅटिनम घेऊन सहा महिन्यांच्या आत आजार वाढलेले होते. टाटाच्या चाचणीत पॅलिएटिव्ह (आजार बरा होणार नाही तेव्हाच्या) उपचारासाठी आलेला मिश्र गट होता. दोन वेगळ्या चाचण्यांतल्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवून पुरावा होत नाही.

मात्र "40 की शून्य" हे मी मान्य करतो. मग प्रोटोकॉलमध्ये तेवढंच लिहा: पूर्ण डोस न परवडणाऱ्यासाठी, पॅलिएटिव्ह उपचारात, तीन गोळ्यांसोबतच. पेशंटला सांगताना "तितकंच गुणकारी" हा शब्द नको. आणि ज्याचा विमा पूर्ण डोस देतो, त्याला वीसवर ठेवायचं नाही.

औषधकपाट_धंतोली

डोसवरच्या वादात एक गोष्ट राहून जाते. लिहिलेले वीस मिलिग्रॅम पेशंटच्या शिरेत वीसच जातात का? बऱ्याचदा जात नाहीत.

निवोलुमॅब येतं मिलीला 10 मिलिग्रॅम, म्हणजे आपला डोस फक्त 2 मिली. सवयीने तो 100 मिलीच्या सलाईनच्या बाटलीत टाकला जातो. द्रावण झालं मिलीला 0.2 मिलिग्रॅम. लेबलप्रमाणे अंतिम तीव्रता 1 ते 10 च्या मध्ये हवी. इतक्या पातळ द्रावणात प्रथिन बाटलीला आणि नळीला चिकटून वाया जाण्याचा धोका वाढतो. त्यात साध्या ड्रिप सेटच्या पोटात पंधरा-वीस मिली शिल्लक राहतं. सेट न धुता काढला तर 3-4 मिलिग्रॅम कचऱ्यात गेले. 240 च्या डोसला एवढी गळती कदाचित पचेल. वीसमध्ये ती पचवायला जागाच नाही.

माझी पद्धत सिरिंज पंपाची. 2 मिली औषध अधिक 8 मिली नॉर्मल सलाईन, म्हणजे 10 मिली, मिलीला 2 मिलिग्रॅम. सिरिंज हलवायची नाही, हळूच उलटसुलट करायची; झटके दिले की फेस येतो आणि प्रथिनाचे कण धरतात. बारीक एक्स्टेन्शन लाइन, प्रथिन कमी चिकटणारा 0.2 मायक्रॉनचा फिल्टर, तासाला 20 मिलीच्या वेगाने अर्धा तास. मग त्याच वेगाने सलाईनने लाइन धुवायची. धुणं संपेपर्यंत डोस संपला असं धरायचं नाही.

40 मिलिग्रॅमच्या वायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) दोन पेशंटचे डोस निघतात, म्हणून दोघांना एकाच दिवशी, एकाच सकाळी बोलवा. वायलमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. उरलेली अर्धी वायल टेप लावून घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि तीन आठवड्यांनी परत आणायची, हा प्रकार पूर्ण बंद हवा. आणि मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर असताना नातेवाईक वायल पिशवीत घालून बसने आणतात, तेही बंद हवं. 2 ते 8 अंश म्हणजे 2 ते 8 अंशच. बर्फाला थेट टेकवून आणली तरी बिघडते, कारण गोठलेली वायल वापरता येत नाही. वायल आणि आइसपॅक यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापड लागतंच.

आता गोळ्या. लोक निवोलुमॅबची काळजी करतात, पण जीव जायचा तो मेथोट्रेक्सेटने जातो. दीड चौरस मीटरच्या पेशंटला हिशोब येतो 13.5 मिलिग्रॅम, म्हणजे जवळच्या मापाने अडीचच्या पाच गोळ्या, आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर "पाच गोळ्या" एवढंच लिहिलं की घरी त्या रोज दिल्या जातात, आणि दहा दिवसांत तोंडभर फोड येऊन पांढऱ्या पेशी कोसळतात. चिठ्ठीवर वार लिहा. "दर गुरुवारी" असं मोठ्या अक्षरात, आणि पाकिटात चारच आठवड्यांच्या वीस गोळ्या द्या.

एर्लोटिनिब उपाशीपोटी: जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास. आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत हात न थांबता लिहिलं जातं ते पँटोप्राझोल इथे नको. पोटातलं आम्ल कमी झालं की एर्लोटिनिब नीट विरघळत नाही. ओमेप्राझोलसोबत रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. ज्याला नाकातून नळी आहे त्याची गोळी कुटू नका, पाण्यात विरघळवून द्या आणि नळी परत पाण्याने धुवा. बिडी-सिगारेट चालू असेल तर तेही औषध लवकर जाळतं. खर्रा सोडला पण बिडी धरली, असे पेशंट असतात, विचारून घ्यावं.

रसायन_अंबाझरी

मी दोन्ही बाजूंपासून वेगळं म्हणेन. डोस अठरा पटीने खाली आणावा लागतो, कारण औषध महाग आहे. ते महाग का, हे सोडून आपण चमच्याचं माप बदलत बसलो आहोत.

यातलं एर्लोटिनिब बघा, रेणुभार 393. शेवटची पायरी कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत कळण्यासारखी आहे: क्लोरोक्विनाझोलिन आणि 3-इथायनिल ॲनिलिन आयसोप्रोपेनॉलमध्ये तापवायचे, हायड्रोक्लोराइडचे स्फटिक आपोआप बाहेर पडतात, गाळून घ्यायचे. चुका होतात त्या ठराविक. सॉल्व्हंट ओलं असेल तर क्लोरीनच्या जागी पाणी लागतं आणि आधीच्या पायरीचा क्विनाझोलिनोन परत तयार होतो, उत्पन्न पडतं. आम्ल आणि उष्णता फार झाली तर टोकाच्या तिहेरी बंधाला पाणी लागून ॲसिटिल अशुद्धी येते, आणि ती मूळ औषधाशी इतकी मिळतीजुळती की नंतर काढणं अवघड जातं. उरलेल्या ॲनिलिनवर तर कडक मर्यादा लागते, कारण तसल्या संयुगांचा डीएनएला धोका असतो. पण हे सगळं पकडता येतं, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळं शिखर दिसतं. म्हणून ही गोळी आपल्याकडे जेनेरिक झाली आणि स्वस्त झाली.

निवोलुमॅब 146 हजारांचा रेणू. तो फ्लास्कमध्ये बनत नाही, हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी रिॲक्टरमध्ये वाढवून त्यांच्याकडून करून घ्यावा लागतो. मग प्रोटीन-ए च्या कॉलममधून शुद्धीकरण, विषाणू निष्क्रिय करणं, गाळणं. पेशींना खाद्य किंवा तापमान जरा वेगळं मिळालं की प्रतिपिंडावरच्या साखरेच्या साखळ्या बदलतात. पण हे भारतात जमतं; ट्रॅस्टुझुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंड-औषधाचं बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने केलेली जवळपास हुबेहूब आवृत्ती) आपल्याकडे 2014 पासून आहे. निवोलुमॅबच्या मूळ भारतीय पेटंटची मुदत मे 2026 पर्यंतची. त्यामुळे कमी डोसभोवती कायमची व्यवस्था उभारण्यापेक्षा सरकारी खरेदीत बायोसिमिलर आणण्यासाठी जोर लावा.

केमोवॉर्ड_सीताबर्डी

जोर लावूच, पण गणित करून बघा. किंमत चौथ्या हिश्शावर आली असं धरलं, तरी पूर्ण डोसला आजच्या वीस मिलिग्रॅमच्या साडेचार पट पैसे लागतील. अठरा भागिले चार. आज वीस मिलिग्रॅमवर जेवढे पैसे जातात तेवढ्यात चौपट पेशंटना वीस मिलिग्रॅम देता येईल. बायोसिमिलर आलं की कमी डोसची गरज संपत नाही. उलट जिल्हा पातळीवर तो देणं शक्य होतं.

किरणोपचार_मेडिकलचौक

वाद उलटलेल्या आजारावर चाललाय म्हणून एक सीमा आखून ठेवते. हा वीसचा डोस बरा होऊ शकणाऱ्या पेशंटमध्ये घुसवू नका. कीनोट-689 मध्ये ऑपरेशनच्या आधी दोन आणि नंतर पंधरा डोस पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले 57.6 टक्के विरुद्ध 46.4. ते पूर्ण 200 मिलिग्रॅमचं आहे. "आपणही वीस देऊन पाहू" म्हणत कोणी ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं, तर त्या पेशंटचं नुकसान भरून निघणार नाही.

या टप्प्यावर ज्याने जीव वाचतात ते स्वस्त आहे आणि तेच चुकतं. लहान गाठीतही मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत, वाट पाहिली तर 67.5; टाटाचीच चाचणी, 2015. ऑपरेशननंतर रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. दात काढायचे राहिले, जखम भरली नाही, योजनेची मंजुरी अडकली, असं करत दहा आठवडे होतात. आणि ज्याच्या किडनीला किंवा कानाला सिस्प्लॅटिन (रेडिएशनसोबतचं नेहमीचं केमो) झेपत नाही त्याला नुसतं रेडिएशन देऊन सोडू नका. दर आठवड्याला चौरस मीटरला 15 मिलिग्रॅम डोसिटॅक्सेल जोडलं की दोन वर्षांचं जगणं 41.7 वरून 50.8 टक्क्यांवर जातं, आणि ते औषध आज नागपुरात कुठेही मिळतं.

आकडे_धरमपेठ

मॅडमची सीमा प्रोटोकॉलच्या पहिल्या ओळीत हवी. माझी आणखी एक अट: दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद. वय, आधीचे उपचार, सुरुवातीची प्रकृती, किती डोस झाले, शेवटचा संपर्क कधी. चाचणीतले पेशंट निवडक आणि हिंडते-फिरते होते; आपल्याकडे खाटेला खिळलेल्यालाही हेच दिलं जाईल, आणि त्याला फायदा होतो का ते कोणालाच कळणार नाही. गडचिरोलीचा पेशंट तिसऱ्या डोसनंतर आला नाही तर फोन करून विचारा. "संपर्क तुटला" असं लिहून मोकळं होऊ नका, कारण न येणाऱ्यांत मृत्यू जास्त असतात आणि उरलेल्यांचे आकडे खोटे चांगले दिसतात.

केमोवॉर्ड_सीताबर्डी

दोन्ही मान्य. नोंदीचा तक्ता मी करतो.

औषधकपाट_धंतोली

तक्त्यासोबत पेशंटच्या हातात एक कार्डही हवं, कारण पुढची चूक गावी होते.

जुलाब घ्या. एर्लोटिनिबने जुलाब होतात, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, चेहऱ्यावरच्या पुरळासोबत. मेथोट्रेक्सेटनेही होतात. आणि निवोलुमॅबने प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटली तरी जुलाबच, बहुधा दीड-दोन महिन्यांनी, त्यात शेम, रक्त, पोटात कळ. गावचा डॉक्टर तिन्हींना मेट्रोनिडॅझोल देणार. एर्लोटिनिब दोन-तीन दिवस थांबवून आणि लोपेरामाइड देऊनही थांबत नसेल, तर सीबीसी, क्रिएटिनिन, शौचाची तपासणी, आणि जंतुसंसर्ग नसेल तर किलोला 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. ते चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवायचं. पाच दिवसांत बंद केलं की जुलाब परत येतात. जुलाब चालू असताना सेलेकॉक्सिब आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही बंद. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या किडनीवर ती जोडी घातक ठरते.

खोकला-धाप तसंच. विदर्भात पहिला संशय टीबीचा येतो आणि तो तपासलाच पाहिजे, पण निवोलुमॅब, एर्लोटिनिब आणि मेथोट्रेक्सेट, तिन्ही औषधं फुप्फुसाला सूज आणू शकतात. ऑक्सिजन 94 च्या खाली असेल तर थुंकीच्या रिपोर्टची वाट पाहत गावी बसू नये, त्याच दिवशी सीटी. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सुरुवातीला आणि मग दर सहा आठवड्यांनी. मानेला रेडिएशन झालेलं असल्याने थायरॉइड आधीच दमलेली असते, आणि "कॅन्सरमुळे अशक्तपणा" म्हणून ती सुटते.

कार्डावर एवढंच, मराठीत आणि हिंदीत, कारण बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट आहेत: औषधांची नावं, मेथोट्रेक्सेटचा वार, शेवटच्या निवोलुमॅबची तारीख, "जुलाब दिवसात चारपेक्षा जास्त किंवा धाप लागली तर सर्व गोळ्या थांबवा आणि फोन करा", आणि वॉर्डचा रात्री उचलला जाणारा नंबर. मजकूर मी रविवारपर्यंत इथे टाकतो. सगळ्यांनी दुरुस्त्या सुचवा, विशेषतः वाराची जागा कार्डावर कुठे ठेवायची ते.