अनुभव धागा: टायमरचे दहा सेकंद

नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आत कूलरची घरघर आणि ओढलेले पडदे. नोकरी सुटल्यावर महिनाभर मी रोज जेवणानंतर मोबाइल डब्यांना टेकवून स्वतःचा फोटो काढायला टायमर लावायची नि भिंतीपुढे बसायची. कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं. नंतर सगळे फोटो ओळीनं पाहिले, तर प्रत्येकात उजवी मूठ आवळलेली. चेहरा कसा शांत, आणि मूठ ही अशी!

हे काही मोबाइलनं लावलेलं खूळ नाही. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी कितीतरी वर्षं स्वतःचीच छायाचित्रं काढली. तर तुम्ही स्वतःचा फोटो स्वतःच काढला असेल, तर लिहा. कॅमेरा कोणता ते नको, काढताना काय झालं ते हवं.

सीताबर्डीहून
पासपोर्ट फोटो काढतो, वीस वर्षं झाली. दिवसभर लोकांना सांगायचं, हनुवटी खाली, खांदे सैल, हलू नका. एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून स्वतःच स्टुलावर बसलो. पहिली अडचण फोकसची. मी कॅमेऱ्यामागं, तर स्टुलावर कोण? झाडू उभा केला, त्याच्यावर फोकस जुळवून, तो आपोआप बदलू नये म्हणून मॅन्युअलवर ठेवला, झाडू भिंतीला लावला आणि बसलो. ५२ फोटो काढले. सगळ्यांत मी गिऱ्हाइकासारखा, घाबरलेला. एकच बरा निघाला. झाडू पडला म्हणून वाकलो होतो, टायमर चालू आहे हे विसरून. नुसती पाठ आहे आणि झिजलेली कॉलर. बापाची पाठ. बायको म्हणे, काहून ठेवला हा? ठेवला.

धरमपेठेतून
मी बंद केलं बाप्पा. ब्रेकअपनंतर रडताना टायमर लावला आणि लक्षात आलं, खिडकीच्या उजेडात अश्रू नीट दिसतात का तेच मी पाहून राहिली. जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकर्तीला १९८२ मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा तिनं कॅमेरा स्वतःच्या आजारी शरीराकडे वळवला. पण पुढं ती रोझी मार्टिनसोबत काम करायची, कधी ही कॅमेऱ्यामागे तर कधी ती. मला ते पटतं. एकटीनं, बंद खोलीत, नको.

महालातून
माझ्या डाव्या गालावर कोड आहे. आरशात पाहताना डाग डाव्या हाताला असतो, फोटोत तोच उजव्या हाताला जातो. चौतीस वर्षं आरशाचीच सवय, त्यामुळे फोटोतली बाई परकी वाटायची आणि दोष मी डागाला द्यायची. एकदा मोबाइलमध्ये फोटो आरशासारखा उलटा करून पाहिला, तर लगेच ओळखीची झाली! म्हणजे अर्धी भीती नुसत्या डाव्या-उजव्याची. बाकी अर्धी खरीच आहे. रोज एक सरळ फोटो काढून पाहते. आवडत नाही अजून, पण दचकतही नाही.

फुटाळ्याजवळून
तलावाकाठी सूर्य बुडताना ट्रायपॉड लावून फार गंभीर चेहऱ्यानं उभी होती. कणसं भाजणाऱ्या मावशी उठून आल्या. “कोनी नाही का वो बाई संग? आन इकडे, मी काढून देतो.” फोटोत माझं डोकं कापलंय आणि त्यांचं बोट आलंय. दोघींचं स्वचित्र समजा.

धागाकर्ती
मुठीचं पुढं काय झालं, असं एकीनं विचारलंय. असते अजून. आता डावी.