कोलोनोस्कोपी: आतड्याला छिद्र पडण्याची भीती किती बाळगावी?

न्यूजर्सीकर: “तक्रार नसताना कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) म्हणजे आतडे फाडून घेण्याची हौस; 2022 च्या युरोपीय अभ्यासाने ती निरुपयोगी ठरवली आहे,” असे निशिगंधा यांनी परवा ठणकावून लिहिले, म्हणून हा प्रपंच. त्या अभ्यासात निमंत्रितांपैकी जेमतेम 42 टक्के लोक तपासणीला गेले होते, आणि तरीही सगळ्या निमंत्रितांची दहा वर्षांतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम, निमंत्रण नसलेल्यांच्या 1.20 टक्क्यांऐवजी, 0.98 टक्के भरली. घरी बसलेल्यांचे अपयश तपासणीच्या माथी मारणे हा कुठला न्याय? अमेरिकेत 2021 पासून पंचेचाळिशीतच तपासणी सुचवतात. त्यामुळेच माझा पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणारी आतड्यातली गाठ, वेळेत निघाला.

निशिगंधा: मृत्यूंचे आकडे सोयीस्करपणे गाळलेत. 0.31 विरुद्ध 0.28 टक्के हा फरक योगायोगाचाही असू शकतो. माझ्या मामांच्या आतड्याला पॉलिप काढताना छिद्र पडले आणि ते चार महिने पोटावर शौचाची पिशवी लावून वावरले. त्यांना टक्केवारी ऐकवा.

आडवाटेचा: मामांविषयी वाईट वाटते, परंतु छिद्र पडण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन आहे, रक्तस्रावाचे पंधराच्या आसपास.

निशिगंधा: त्या तिघांत घरचे माणूस असले की भाषा बदलते.

माईंची सून: खरा छळ आदल्या रात्रीचा असतो, त्यावर कोणीच बोलत नाही. ते आतडे साफ करणारे खारट, बुळबुळीत पाणी मी नाक दाबून प्यायले. त्याआधी दुपारी सासूबाईंनी “उपवासच आहे ना” म्हणत साबुदाण्याची खिचडी वाढली होती. दाण्याच्या कुटामुळे काही दिसेना, म्हणून डॉक्टरांनी दुर्बीण अर्ध्यावरून बाहेर काढली.

आडवाटेचा: सूचनांचा कागद वाचला असता तर ही वेळ आली नसती. औषध निम्मे रात्री, निम्मे पहाटे घ्यायचे असते.

माईंची सून: कागद इंग्रजीत होता आणि स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात. शहाणपण आवरा.

न्यूजर्सीकर: खिचडी पुरे. मूत्रपिंड अधू असणाऱ्यांनी मात्र फॉस्फेटयुक्त रेचक टाळावे, हा धोका खरा आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता.

निशिगंधा: चला, एक तरी धोका मान्य झाला! मी दरवर्षी शौचातील रक्त शोधणारी चाचणी करून घेईन. तिच्यात रक्त आढळले तर कोलोनोस्कोपीवाचून गत्यंतर नाही, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा निमूट आडवी होईन, पण मामांचा डॉक्टर सोडून.