चारी भरायचे तास आधी वजा करा

'हेक्टरी सारखे तास दिले की कालव्याच्या पाण्याच्या पाळीचं भांडण मिटतं' हे अर्धंच खरं आहे. कोरड्या चारीतून, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटातून, पाणी शेतापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, आणि तो ज्याच्या त्याच्या पाळीत धरला तर शेपटाकडचा शेतकरी दर खेपेला नाडला जातो. वाराबंदीत, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातला ठरलेला वार आणि वेळ देण्याच्या पद्धतीत, यावर सरळ हिशोब आहे: आठवड्याचे 168 तास, त्यातून चारी भरण्याचे समजा 4 वजा, तोंड बंद केल्यावर चारीत उरलेलं पाणी वाहतं त्याचा 1 मिळवा. उरले 165, क्षेत्र 55 हेक्टर असेल तर हेक्टरी 3 तास. भरण्याचा वेळ ज्याच्या पाळीत चारी भरावी लागते त्या शेतकऱ्याला जादा द्यायचा, उरलेल्या पाण्याचा शेवटच्याकडून कापायचा.

रात्रपाळी मात्र कायम एकाच्याच माथी नको. वर्षातून एकदा वेळापत्रक 12 तासांनी सरकवा.