मागावरच्या दोन किलोबाइटसाठी सी, रस्ट की मायक्रोपायथन?

धोटा: सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील चादरीच्या मागांसाठी मी छोटे नियंत्रक तयार करतो. त्यांचे काम दोनच: बाणा (आडवा धागा) तुटला की माग थांबवणे, आणि पाळीभरात किती पिक पडले, म्हणजे बाण्याचे किती धागे विणले गेले, ते मोजणे. ज्या कारखान्यासाठी हे काम चालते तिथे विणकराची मजुरी त्या आकड्यावर ठरते. चिप एटीमेगा ३२८पी आहे, म्हणजे ३२ किलोबाइट फ्लॅश (प्रोग्रामची कायमची जागा) आणि २ किलोबाइट रॅम (चालू कामाची जागा).

माझे मत असे की अशा चिपसाठी सी भाषाच वापरावी, तीही मॅलॉकला (प्रोग्राम चालू असताना स्मृती मागण्याला) हात न लावता, प्रत्येक बफरची (तात्पुरत्या साठ्याची) जागा आधीच ठरवून. १२८ बाय ६४ बिंदूंच्या पडद्याचा बफर एकटाच १,०२४ बाइट घेतो. ‘बाणा तुटला’ हा संदेश यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात शेवटच्या शून्यासह २९ बाइटांचा होतो, आणि एव्हीआरवर (ही चिप ज्या कुटुंबातली, त्यावर) साधी अक्षरमाला (स्ट्रिंग) प्रोग्राम चालू होतानाच रॅममध्ये उतरत असल्यामुळे मराठी, तेलुगू आणि कन्नड संदेश एकत्र ठेवले की उरलेली जागाही संपते. ते फ्लॅशमध्येच राहावेत हे सीमध्ये स्पष्ट सांगता येते.

वेळेचे गणितही पाहावे. मिनिटाला १२० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ५०० मिलिसेकंद, एका अंशाला साधारण १.४. फणीने बाणा ठोकण्याआधी ३० अंशांची सवड धरली तर निर्णयासाठी सुमारे ४२ मिलिसेकंद मिळतात.

एक चूक माझ्याही पदरात आहे, ती लपवत नाही. बारा तासांच्या पाळीत ८६,४०० पिक होऊ शकतात, ते १६ बिटांत मावत नाहीत, म्हणून मोजणी ३२ बिटांची ठेवली आणि चलाला व्होलाटाइल (दर वेळी स्मृतीतून नव्याने वाचण्याची खूण) लावून निश्चिंत झालो. एका रात्री पडद्यावर क्षणभर १,३१,०७१ उमटले आणि पुढच्याच फेऱ्याला आकडा ६५,५३७ वर आला. आठ बिटांची चिप चार बाइट एकेक करून वाचते. आकडा ६५,५३५ वरून ६५,५३६ होताना नेमका मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवून मोजणी वाढवणारा संकेत) आला आणि अर्धे जुने, अर्धे नवे बाइट एकत्र झाले. विणकराने विचारले, “माझे निम्मे धागे कुठे गेले?” आता वाचनापुरते इंटरप्ट बंद ठेवतो.

उजनीकाठ: आपल्या ४२ मिलिसेकंदांनी आपलाच मुद्दा लंगडा केला आहे. आरपी२०४० या चिपमध्ये २६४ किलोबाइट रॅम असते. तिच्यावर मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीची पायथन भाषा) आरामात चालते, स्मृती-सफाईला (वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याला) काही मिलिसेकंद लागतात आणि ती केव्हा करायची हेही, उदाहरणार्थ फणी ठोकून झाल्यावर लगेच, आपण ठरवू शकतो. मी डाळिंबाच्या बागांमध्ये ठिबकचे व्हॉल्व्ह चालवतो. पाणी सोडण्याचा नियम बदलायचा असेल तर बांधावर लॅपटॉप उघडून दहा मिनिटांत बदलतो. दोन किलोबाइटांत संसार मांडण्याचा हट्ट कशासाठी, हे मला खरोखर कळत नाही.

धोटा: व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा उघडला तर डाळिंब तक्रार करत नाही. प्रश्न नेहमीच्या वेळेचा नसून सर्वांत वाईट वेळेचा आहे. हीप (मागेल तशी वाटली जाणारी स्मृती) जितका मोठा तितकी सफाई लांबते, शिवाय मायक्रोपायथनच्या तातडीच्या (हार्ड) इंटरप्ट हाताळणीत नवी स्मृती मागता येत नाही, तिथे साधी दशांश संख्या तयार करणेही अडते. उद्या मिनिटाला ३०० फेऱ्यांचा रेपियर (धोट्याशिवाय बाणा ओढणारा) माग आला की हीच सवड १७ मिलिसेकंदांवर येईल.

गंजरोधक: १,३१,०७१ चा किस्सा वाचून मला वाटले की आपण रस्ट भाषेचीच जाहिरात करत आहात. इंटरप्ट आणि मुख्य प्रवाह यांच्यात वाटून घेतलेले बदलते चल रस्टमध्ये उघड्यावर ठेवता येत नाही. तसे करायचे तर ‘अनसेफ’ असे स्वतःच्या हाताने लिहावे लागते, आणि निदान त्या ओळीपाशी तरी माणूस थांबतो. सीने आपल्याला एका शब्दाने टोकले नाही. स्मृती-सफाई रस्टमध्ये नाहीच आणि मानक ग्रंथालयाशिवायही (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडशिवायही) ती भाषा चालते, त्यामुळे बाइटांचा हिशेब सीइतकाच काटेकोर ठेवता येतो.

जुनी फणी: तत्त्व मान्य, पण एव्हीआरला रस्टचा आधार तिसऱ्या स्तराचा आहे, म्हणजे तो चालेलच याची हमी कोणी देत नाही, आणि कंपायलरची (प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाची) रात्रीबेरात्री बदलणारी ‘नाइटली’ आवृत्ती घ्यावी लागते. चार वर्षांनी हाच नियंत्रक दुरुस्तीला आला तर तोच प्रोग्राम पुन्हा तयार होईल का? सी येणारी मुले सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. रस्ट येणारा मला आजवर एकच भेटला, तोही पुण्याला निघाला होता.

भाषा सुरक्षित म्हणून यंत्र सुरक्षित, असेही नाही. १९९६ मध्ये एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले. त्यातला दोषी भाग अ‍ॅडा या काटेकोर भाषेत होता, आणि ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना तो कोसळला.

धोटा यांनाही एक विचारतो: स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) किती खोल जातो हे आपण कधी मोजले आहे का? पडद्याने निम्मी रॅम नेल्यावर स्टॅक खाली उतरत जाऊन मोजणीच्या चलावर पाय ठेवील आणि सी तेव्हाही गप्पच राहील. प्रत्येक फंक्शनला किती स्टॅक लागतो ते जीसीसी हा सीचा कंपायलर लिहून देतो. त्याशिवाय सुरुवातीला मोकळी रॅम एका ठरावीक बाइटने भरावी आणि पाळी संपल्यावर त्यातली किती शिल्लक राहिली ते पाहावे.

गंजरोधक: एव्हीआरपुरता आपला आक्षेप मी स्वीकारतो. मात्र कॉर्टेक्स-एम या ३२ बिटांच्या चिपना दुसऱ्या स्तराचा आधार आहे, स्थिर कंपायलर चालतो, आणि तिथे ३२ बिटांचा आकडा एकाच आज्ञेत वाचला जात असल्याने तो अर्धवट वाचनाचा दोष मुळातच उरत नाही. भाषा तीच ठेवायची असेल तर निदान चिप तरी बदला.

धोटा: स्टॅक मोजला नव्हता, हे कबूल. आज एका नियंत्रकाची रॅम भरून पाहिली: पाळीअखेरीस ६१ बाइट अस्पर्श राहिले होते, आणि तेही तेलुगू संदेश अजून घातलेले नसताना. पुढची खेप ३२ बिटांच्या चिपवर करेन. माग थांबवण्याचा भाग मात्र सीमध्येच राहील, कारण रात्रपाळीत तो उघडून वाचू शकणारा माणूस माझ्याकडे सीचाच आहे.

उजनीकाठ: ६१ बाइट! माझ्या व्हॉल्व्हचे नावसुद्धा त्यात मावणार नाही.