रुग्ण उचलताना होणाऱ्या कंबरेच्या दुखापती: कोणती साधने खरोखर उपयोगी पडतात?

प्रश्न (रात्रपाळी)

नमस्कार. मी आठ वर्षे रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आमच्या प्रत्येक गाडीवर तंत्रज्ञ आणि चालक असे दोघेच असतात आणि रुग्णाला उचलण्याचे सगळे काम त्या दोघांवरच येते. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडलेल्या एका आजींना उठवताना माझ्या सहकाऱ्याची कंबर धरली. दार आतल्या बाजूला उघडणारे, आजी दार आणि कमोड यांच्यामध्ये अडकलेल्या, फरशी ओली आणि आत जेमतेम एक पाय टेकवण्यापुरती जागा. त्याने एक हात चौकटीला लावला, कमरेत वळून दुसरा हात आजींच्या बगलेखाली घातला आणि त्यांना वर ओढले. आजी उठल्या, पण तो मात्र चौकट धरून तसाच वाकलेला राहिला आणि त्याला सरळ होता येईना. पुढे तपासणीत मणक्याची गादी सरकल्याचे निघाले आणि तो अजून रजेवर आहे.

व्यवस्थापनाने हे प्रकरण गांभीर्याने घेतले, याचे समाधान आहे. या वर्षी बॅटरीवर चालणारे स्ट्रेचर घ्यावे असे त्यांचे मत आहे आणि तोपर्यंत सर्वांना कंबरपट्टे वाटले आहेत. प्रशिक्षणात आम्हाला "गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा" एवढेच शिकवले जाते. खर्च एकदाच करता येणार असेल, तर तो स्ट्रेचरवर करावा की आणखी कशावर? ज्यांनी ही साधने प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (जुना पर्यवेक्षक)

तुमच्या सहकाऱ्याला लवकर बरे वाटो. बॅटरीचे स्ट्रेचर चांगले साधन आहे, पण ते नेमकी कोणती उचल वाचवते हे आधी पाहावे लागते. रुग्ण स्ट्रेचरवर आल्यानंतर स्ट्रेचर वर-खाली करण्याचा भार ते घेते, आणि दिवसभरात ही क्रिया अनेकदा होत असल्याने हा फायदा मोठा आहे. मात्र असे स्ट्रेचर स्वतःच साधारण ५५ ते ६० किलोचे असते, म्हणजे साध्या स्ट्रेचरपेक्षा बरेच जड. गाडीत ते आपोआप चढवणारी यंत्रणा सोबत घेतली नाही, तर चढवताना पायाकडच्या माणसाच्या हातात रुग्णाचे आणि त्या वाढीव धातूचे असे दोन्ही वजन येते. आमच्याकडे नेमके हेच झाले आणि तक्रारी गुडघ्यांच्या व खांद्यांच्या सुरू झाल्या. यंत्रणेसह घेणार असाल तरच माझा होकार आहे.

आणि तुमच्या आजींच्या प्रसंगात त्या स्ट्रेचरचा काहीच उपयोग झाला नसता. ते बाहेर दिवाणखान्यात उभे राहिले असते. म्हणून खरेदीपूर्वी आठवडाभर प्रत्येक फेरीनंतर एका वहीत एकच ओळ लिहा: रुग्ण कुठून उचलला, कुठे ठेवला आणि कुठे ओढ बसली. जमिनीवरून खुर्चीवर, पलंगावरून स्ट्रेचरवर, जिन्यावरून खाली, स्ट्रेचर गाडीत, अशा नोंदी साठल्या की साधन कोणत्या टप्प्यावर हवे ते आपोआप दिसते. रुग्णाबरोबर सामानही मोजा. मॉनिटर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि औषधांची बॅग एकाच खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारा माणूस रुग्णापर्यंत पोहोचतो तेव्हाच अर्धा थकलेला असतो.

प्रतिसाद २ (कामगार आरोग्य, फिजिओथेरपी)

तुमच्या सहकाऱ्याची ती उचल आकड्यांत मांडून पाहू. कामगारांची सुरक्षितता आणि आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारित केलेल्या सूत्रात आदर्श परिस्थितीतील उचलीची मर्यादा २३ किलो धरली आहे. आदर्श म्हणजे ओझे अंगालगत, साधारण कमरेच्या उंचीच्या आसपास, दोन्ही हातांत चांगली पकड आणि शरीर न वळवता. हात घोट्यांपासून २५ सेंटीमीटरऐवजी ५० सेंटीमीटर पुढे गेले की ही मर्यादा निम्मी होते, म्हणजे साडेअकरा किलो. त्यात कमरेत ४५ अंश वळले की ती दहा किलोच्याही खाली येते. किती खालून उचलले, ओली फरशी आणि एकाच हाताची पकड यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

मुळात हे सूत्र खोक्यांसाठी आहे. माणूस हलतो, घाबरून गळ्याला मिठी मारतो, मध्येच पाय सोडून देतो. म्हणून त्याच संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताळण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, ही मर्यादा सुचवली आणि तीसुद्धा परिस्थिती अनुकूल असतानाची. शरीराच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भार एका पायाचा असतो. शंभर किलोच्या रुग्णाचा एकच पाय उचलून धरला, तरी आपण त्या मर्यादेला टेकतो. त्यामुळे "गुडघे वाकवा" हा सल्ला चुकीचा नसला, तरी अपुरा आहे, कारण जिथे गुडघे वाकवायलाच जागा नाही तिथे त्याचा आधार राहत नाही. केवळ उचलण्याची पद्धत शिकवल्याने पाठदुखी कमी होते असा पुरावा अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही मिळाला नव्हता. तुमच्या सहकाऱ्याला जो दोष वाटत असेल, तो कृपया त्याच्या मनातून काढून टाका.

कंबरपट्ट्यांबद्दल स्पष्टच लिहितो. २००० मध्ये जामा या नियतकालिकात दुकानांमध्ये माल हाताळणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पट्टा वापरणाऱ्यांमध्ये पाठीच्या दुखापती कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. माझी काळजी अशी की पट्टा बांधल्यावर माणसाला सुरक्षित वाटते आणि तो एरवी टाळली असती ती उचल करून बसतो.

आणखी एक गोष्ट, तिला साधनही लागत नाही. गाडीत तासभर पोक काढून बसल्यानंतर मणक्याचे अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे) काही काळ सैल राहतात, म्हणून उतरल्याबरोबर वाकून वजन उचलू नये. रुग्णापर्यंत चालत जाताना एकदोनदा पाठ सरळ ताणून घ्यावी.

रात्रपाळी

मनापासून आभार. शंभर किलोच्या रुग्णाच्या पायाचे उदाहरण मी उद्याच्या बैठकीत सांगणार आहे. पण एक अडचण उरतेच. रुग्णाचा जीव धोक्यात असताना साधन काढून मांडत बसायला वेळ कुठून आणायचा? शिवाय आमच्याकडे अरुंद जिन्यांची घरे पुष्कळ लागतात.

प्रतिसाद ३ (स्ट्रेचरची डावी बाजू)

दादा, मी बारा वर्षे हेच काम करते आणि वेळेचा प्रश्न मीही विचारत असे. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला पलंगावरून जमिनीवर घ्यायचे असते तेव्हा कोणीही साधन शोधत नाही आणि शोधूही नये. पण असे प्रसंग थोडे असतात. बहुतेक फेऱ्यांत रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो आणि दोन मिनिटे थांबण्याने त्याचे काहीही बिघडत नाही. घाई बहुधा आजूबाजूला जमलेल्यांच्या नजरेची असते.

मला विचाराल तर पहिली खरेदी स्लाइड शीटची करा. गुळगुळीत कापडाचे दोन थर एकमेकांवर सरकतात आणि घर्षण इतके कमी होते की रुग्णाला उचलण्याऐवजी सरकवता येते. तुमच्या आजींसाठी मी काय केले असते ते सांगते. आधी मान, कंबर आणि मांडीचे हाड तपासले असते. दुखापतीची शंका नसेल तर त्यांना किंचित एका कुशीवर वळवून शीटची गुंडाळी पाठीखाली सारली असती, पाय ठेवायची जागा पुसून घेतली असती आणि दाराबाहेर उभे राहून दोघांनी शीटच्या पट्ट्यांना धरून त्यांना मोकळ्या खोलीपर्यंत ओढून घेतले असते. ओढताना हात खेचत नाहीत; पुढच्या पायावरचे वजन मागच्या पायावर न्यायचे आणि शरीराने काम करायचे. शीट काम झाल्याबरोबर घडी करून उचलावी, कारण तिच्यावर पाय पडला तर आपणच घसरतो.

मोकळ्या जागेत आल्यावर हवेने फुगणारी उचल-गादी लावता येते. रुग्ण तिच्यावर बसतो, छोट्या पंपाने एकेक कप्पा खालून वर फुगत जातो आणि तो खुर्चीच्या उंचीवर येतो. काही गाद्यांची क्षमता ४५० किलोपर्यंत असते. आपले काम फक्त रुग्णाला बाजूने आधार देण्याचे आणि त्याच्याशी बोलत राहण्याचे. बगलेखाली हात घालून ओढणे मी पूर्ण सोडले आहे, कारण त्यात वृद्धांचे खांदेही दुखावतात.

पलंगावरून स्ट्रेचरवर घेताना चादरीची झोळी करून उचलण्याची सवय सगळीकडे आहे. त्याऐवजी स्ट्रेचर पलंगाला चिकटवून, ब्रेक लावून, पलंगापेक्षा किंचित खाली ठेवा आणि मधल्या फटीवर सरकफळी टाकून शीटने सरकवा.

जिन्यासाठी मागे पट्टे असलेली स्टेअर चेअर घ्या. पट्टे पायऱ्यांच्या कडांवरून घर्षणाने सावकाश उतरतात, त्यामुळे वजन हातांत न राहता जिन्यावर राहते. खालच्या बाजूचा सहकारी रुग्णाकडे तोंड करून उलटा उतरतो, म्हणून त्याला पायऱ्या मोजून सांगणारी तिसरी व्यक्ती असावी. शुद्ध हरपलेला रुग्ण किंवा मणक्याच्या दुखापतीची शंका असलेला रुग्ण मात्र या खुर्चीत बसवू नये.

प्रतिसाद ४ (गाड्यांची देखभाल)

बॅटरीचे स्ट्रेचर घेतलेच, तर गाडीची भारक्षमता आधी तपासा, कारण स्ट्रेचर आणि चढवणारी यंत्रणा मिळून बरेच वजन वाढते. पाळी बदलताना बॅटरीही बदलली गेल्याची सही घ्या. बॅटरी संपल्यावर स्ट्रेचर हाताने कसे खाली घ्यायचे याचा सराव रिकाम्या स्ट्रेचरवर अधूनमधून करा. स्टेअर चेअरचे पट्टे धूळ आणि तेल यांपासून जपा. तेलकट पट्टा जिन्यावर पकड सोडतो.

रात्रपाळी

आठवडाभर वही ठेवली. सर्वाधिक नोंदी पलंगावरून स्ट्रेचरवर घेण्याच्या निघाल्या, त्याखालोखाल जमिनीवरून उठवण्याच्या. स्ट्रेचर वर-खाली करताना ओढ बसल्याची नोंद तुलनेने कमी होती. वही व्यवस्थापनापुढे ठेवली, तेव्हा प्रत्येक गाडीला दोन स्लाइड शीट, एक सरकफळी आणि दोन गाड्यांत मिळून एक फुगणारी गादी इतके मान्य झाले आहे. जिन्याच्या खुर्चीचा निर्णय पुढच्या बैठकीत होईल. शीट आम्ही कपाटात न ठेवता मागच्या दाराच्या आतल्या बाजूला हुकावर लावली आहे, म्हणजे स्ट्रेचर काढताना ती हाताशीच येते. ताई, ओल्या फरशीवर वापरल्यानंतर शीट पुढच्या रुग्णासाठी तुम्ही कशी स्वच्छ करता, तेवढे कृपया सांगा.

स्ट्रेचरची डावी बाजू

धुता येणारी शीट असेल तर प्रत्येक रुग्णानंतर ती वेगळ्या पिशवीत भरून धुलाईला पाठवतो आणि हुकावर लगेच दुसरी लावतो. म्हणून दोन शीट पुरणार नाहीत, गाडीमागे निदान चार मागून घ्या. रक्त किंवा उलटी असेल तिथे एकदाच वापरून टाकायची शीट घेतो.