एक्सपोर्ट केल्यावर व्हिडिओ फिका पडतो, हळदीचा पिवळा फाटतो (दाविंची रिझॉल्व्ह, व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर)

वऱ्हाडी_एडिटर, घाटंजी
राम राम मंडळी. लग्नाचं काम आहे. कॅमेऱ्याच्या आणि आयफोनच्या क्लिपा एकाच टाइमलाइनवर आहेत. कॅमेऱ्याचं रिझॉल्व्हमध्ये बरोबर दिसते, पण एच.264 (फाइल लहान करणारा फॉरमॅट) मध्ये काढलं की काळा राखाडी होतो, चेहरे धुतल्यासारखे दिसतात. आयफोनच्या क्लिपा तर टाइमलाइनवरच पांढऱ्याफटक. हळदीत पिवळ्याचा नुसता थापा. पार्टीला (गिऱ्हाइकाला) पेनड्राइव्हवर द्यायचं आहे, टीव्हीवर पाहतील. सुरुवात कुठून करू?

पांढरंसोनं_फिल्म्स
भाऊ, या तीन वेगळ्या भानगडी आहेत. आधी फाइल चुकली की प्लेअर, ते ठरवा. टाइमलाइनवर दोन-दोन सेकंद सॉलिड काळा आणि सॉलिड पांढरा टाका, एक्सपोर्ट करा, तीच फाइल परत रिझॉल्व्हमध्ये आणा. क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स ऑटोवरच राहू द्या आणि वेव्हफॉर्म (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख, 0 ते 1023) पाहा. काळा 0 वर, पांढरा 1023 वर असेल तर फाइल चांगली आहे. काळा 64 आणि पांढरा 940 च्या जवळ दिसला तर लेव्हलची गडबड.

कारण असं की 8 बिट व्हिडिओत काळा 16 वर आणि पांढरा 235 वर असतो (10 बिटच्या मापात तेच 64 आणि 940), कम्प्युटरचा स्क्रीन मात्र 0 ते 255 चालवतो. मधल्या कोणी 16 चा 0 केलाच नाही तर काळा राखाडीच दिसणार. उलट झालं तर सावल्या बुजतात आणि पांढऱ्या फेट्याच्या घड्या गायब होतात.

डिलिव्हर पेजवर अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये डेटा लेव्हल्स 'व्हिडिओ' करा, कलर स्पेस टॅग रेक.709 (साध्या एचडी टीव्हीचे रंग), गामा टॅग गामा 2.4 (उजेडाचा वक्र). 'फुल' नको, बरेच टीव्ही पेनड्राइव्हवरची फाइल लिमिटेड (16 ते 235) धरूनच चालवतात. फाइल चांगली असून पीसीवरच फिकी दिसत असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या व्हिडिओ कलर सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज 'फुल' करा. फक्त मॅकच्या क्विकटाइममध्ये फिकं दिसत असेल तर गामा टॅग रेक.709-ए लावून पाहा.

धानपट्टा_कट
आयफोनच्या क्लिपांचं मी सांगतो. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ट्रान्सफर कॅरेक्टरिस्टिक्सपुढे एचएलजी आणि प्रायमरीजपुढे बीटी.2020 दिसलं की समजा क्लिप एचडीआर (उजेड आणि रंगाचा पल्ला जास्त असलेली) आहे. गेन (उजळ भागाचा कंट्रोल) खाली ओढून हे सुधरत नाही, कारण वक्रच वेगळा आहे. पांढरं आवरते, पण चेहरा मातकट होतो.

पहिल्या नोडवर (कलर पेजवरचा करेक्शनचा एक टप्पा) कलर स्पेस ट्रान्सफॉर्म टाका. इनपुट कलर स्पेस रेक.2020, इनपुट गामा रेक.2100 एचएलजी, आउटपुट रेक.709 आणि गामा 2.4, टोन मॅपिंग 'दाविंची'. बाकी करेक्शन त्याच्यापुढच्या नोडवर. प्रोजेक्टचं कलर मॅनेजमेंट आधीच सुरू असेल तर हा नोड लावू नका, दोनदा बदल होईल. पुढच्या लग्नात फोनच्या कॅमेरा सेटिंगमधून एचडीआर व्हिडिओ बंदच करा.

मांडव_लाइट
हळदीसाठी आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आलेख) उघडा. लाल आणि हिरवा वरच्या रेषेला चिकटलेले, निळा तळाला, असं दिसेल. चॅनल शूटिंगमध्येच कापलं गेलं असेल तर त्यातला तपशील परत येत नाही, हे पार्टीला आधीच सांगा. नुसतं सॅच्युरेशन जास्त असेल तर लम व्हर्सेस सॅट (उजेडानुसार सॅच्युरेशन) कर्व्हमध्ये उजवं टोक खाली घ्या, आणि ह्यू व्हर्सेस सॅटमध्ये (रंगानुसार सॅच्युरेशन) पिवळ्याचा बिंदू थोडा खाली. गालावर हळदीचे ओघळ वेगळे दिसायला लागले की थांबा.

मे महिन्याच्या उन्हात अंगणात आयएसओ 100, शटर 1/50 आणि एफ/4 हवं असेल तर एनडी 32 (उजेड 32 पटीने कमी करणारा काळपट फिल्टर) लागतेच. शटर वाढवून काम भागवलं तर हालचाल तुटक दिसते. मांडवाचं कापड भगवं किंवा हिरवं असलं तर व्हाइट बॅलन्स मांडवातच ग्रे कार्डवर घ्या, बाहेर घेऊन उपयोग नाही.

आणि पेनड्राइव्ह फॅट32 (जुन्या पद्धतीचा फॉरमॅट) असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. 1080पी ला 20 एमबीपीएस ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आतच तेवढी भरते, म्हणून हळद, लग्न, वरात असे भाग वेगळे काढा.